हवामानबदलावरचा वाद: मुद्दा कोणता आणि तो कुठल्या जागचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचे एक परिचित, शिकलेले, व्यवसायाने अभियंते, गेले काही महिने तुम्हांला एकामागून एक मजकूर पाठवत आहेत. १९९८ नंतर पृथ्वीचे तापमान वाढलेच नाही. जुन्या नोंदी शास्त्रज्ञांनी फिरवल्या. त्यांच्या फुटलेल्या ईमेलींतून लबाडी उघड झाली. सत्तरच्या दशकात हीच मंडळी हिमयुग येणार म्हणून घाबरवत होती. माध्यमे राईचा पर्वत करतात. आणि अखेर, हा सारा कर लादण्याचा डाव आहे. तुम्ही दर वेळी दुवे पाठवता, ते वाचत नाहीत आणि नवा मुद्दा काढतात. असा वाद घालावा कसा, की घालूच नये, असे तुम्ही विचारले आहे.

तापमानाच्या जुन्या नोंदी तपासून त्या एकमेकींशी जुळवणे हे वीसेक वर्षे माझे काम आहे. त्या निमित्ताने असे वाद मी भरपूर घातले आणि त्यांतले बरेचसे वाईट रीतीने घातले, हे आधीच कबूल करतो. माझा अनुभव असा की हे वाद पुराव्याअभावी अडत नाहीत. तुमच्या यादीतले सहा मुद्दे एका जातीचे नाहीत. पहिले दोन मोजमापाचे आहेत, तिसरा शास्त्रज्ञांच्या वर्तनाचा, चौथा आणि पाचवा वृत्तपत्रांचा, आणि सहावा निखळ राजकारणाचा. मोजमापाच्या प्रश्नाला उत्तर मिळू लागले की समोरचा वर्तनाकडे सरकतो, तिथून माध्यमांकडे, तिथून करांकडे. आणि आपणही नकळत तेच करतो, त्याने करांबद्दल विचारले की आपण त्याला ध्रुवावरचे वितळते बर्फ दाखवतो. म्हणून एका वेळी एकच मुद्दा धरा, तो ज्या जागचा आहे त्या जागीच सोडवा, आणि तो संपेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. ‘१९९८चे आधी मिटवू, ईमेलींवर पुढच्या वेळी बोलू’ एवढे एक वाक्य पुष्कळ काम करते, मात्र पुढच्या वेळी खरोखरच ईमेलींवर बोलण्याची तयारी हवी.

१९९८पासून सुरुवात करू, कारण अभियंत्याशी बोलण्यासाठी हा मुद्दा फार सोयीचा आहे. १९९७-९८मध्ये अतिशय तीव्र एल निनो झाला. एल निनोच्या काळात प्रशांत महासागरात साठलेली उष्णता हवेत येते आणि त्या वर्षाचे जागतिक सरासरी तापमान आजूबाजूच्या वर्षांपेक्षा ठळकपणे वर उडी घेते. ती उडी सुरुवातीचा बिंदू म्हणून निवडली की पुढची बारा-चौदा वर्षे जवळजवळ सपाट दिसतात. आलेख खोटा नसतो, त्यातली आकडेवारीही खरी असते; लबाडी असेल तर ती डाव्या कडेच्या एका वर्षात असते. तुमच्या परिचितांना दुवा पाठवू नका. त्यांना एवढेच सुचवा की तीच आकडेवारी घ्यावी, रेषा १९९८ऐवजी १९९६पासून ओढावी, मग १९९९पासून ओढावी, आणि तिन्ही उतार शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. नासाची तापमानमालिका कोणालाही मोफत उतरवून घेता येते आणि संगणकावर हे काम अर्ध्या तासाचे आहे. स्वतःच्या हाताने ओढलेल्या रेषेशी माणूस सहसा भांडत नाही.

इथे एक गोष्ट लपवू नका. तापमानवाढीचा वेग त्या काळात मंदावल्यासारखा दिसत होता, हे शास्त्रज्ञांनीच नोंदवले आहे. हवामानबदलविषयक आंतरसरकारी समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २०१३च्या अहवालात १९९८ ते २०१२ या काळातला कल दर दशकाला ०.०५ अंश सेल्सिअस दिला आहे, तर १९५१ ते २०१२चा ०.१२ अंश, आणि त्याच ठिकाणी असेही म्हटले आहे की इतक्या छोट्या कालखंडातला कल सुरुवातीच्या आणि शेवटच्या वर्षावर फार अवलंबून असतो. तुमचे परिचित म्हणतात त्यात तथ्याचा अंश होता, हे तुम्ही स्वतःहून सांगितलेत की पुढचे ऐकायला ते तयार होतात. पुढचे असे की त्या वर्षांतही महासागरात उष्णता साठतच होती आणि नंतर हवेनेही ती कसर भरून काढली. २०१४, २०१५ आणि २०१६ ही तीन वर्षे ओळीने नवा उच्चांक करून गेली, मग २०२३ने आणि २०२४ने तो मोडला. जागतिक हवामान संघटनेच्या हिशोबाने २०२४चे सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत सुमारे १.५५ अंशांनी अधिक होते. १९९८ हे त्या काळचे विक्रमी वर्ष आज पहिल्या दहांतही नाही.

आता नोंदी ‘फिरवल्याचा’ आरोप. हे माझे रोजचे काम असल्याने इथे थोडा रेंगाळणार आहे. नोंदी दुरुस्त केल्या जातात हे पूर्णपणे खरे आहे, आणि ते नाकारणे ही आपल्या बाजूच्या लोकांची नेहमीची चूक आहे. प्रश्न असा विचारायला हवा की दुरुस्ती कशासाठी आणि कोणत्या दिशेने. एक उदाहरण जवळून पाहू. पृथ्वीचा सत्तर टक्के पृष्ठभाग समुद्राचा आहे, तेव्हा जागतिक सरासरीत समुद्राच्या पाण्याचे तापमान सर्वांत वजनदार. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात हे तापमान मोजायची रीत अशी होती की खलाशी दोराला बांधलेली बादली जहाजावरून समुद्रात सोडी, भरून वर ओढी, डेकवर ठेवी आणि तिच्यात तापमापक बुडवी. बादली पुष्कळदा कॅनव्हासची असे. ओल्या कापडातून, वाऱ्याच्या झोतात, पाण्याचे बाष्पीभवन होत राही आणि तापमापक वाचेपर्यंत पाणी काही दशांश अंशांनी गार झालेले असे. माठातले पाणी गार होते त्याच न्यायाने. पुढे जहाजाच्या इंजिनाला थंड करण्यासाठी आत घेतल्या जाणाऱ्या पाण्याचे तापमान नोंदवले जाऊ लागले, आणि तिथे इंजिनाच्या उष्णतेमुळे आकडा किंचित जास्त येई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या नोंदींत या बदलाची उडी स्पष्ट दिसते, कारण त्या वर्षांत कोणाची जहाजे फिरत होती आणि त्यांवर मोजण्याची पद्धत कोणती होती, हे दोन्ही बदलले.

आता या दोन पद्धतींची आकडेवारी तशीच जोडली तर काय होईल? जुना काळ होता त्यापेक्षा थंड दिसेल आणि तापमानवाढ प्रत्यक्षापेक्षा अधिक भरेल. म्हणून बादलीचे जुने आकडे वर उचलावे लागतात. परिणाम असा की सर्व दुरुस्त्या धरून काढलेली जागतिक तापमानवाढ कच्च्या आकड्यांतून निघणाऱ्या वाढीपेक्षा थोडी कमीच आहे. जमिनीवरच्या काही देशांच्या नोंदींत दुरुस्तीमुळे कल वाढतो, अमेरिकेचे उदाहरण नेहमी त्यासाठीच दिले जाते. पण जगाच्या सरासरीत समुद्राचा भार जड असल्याने एकूण बेरीज उलट दिशेला जाते. वाढ फुगवण्याच्या हेतूने कोणी आकडे फिरवले असतील, तर त्याने हे काम फारच वाईट केले म्हणायचे.

याच मुद्द्यावर रिचर्ड मुलर या भौतिकशास्त्रज्ञाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्रचलित तापमानमालिकांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी बर्कले अर्थ हा प्रकल्प काढून जमिनीवरच्या नोंदींचे विश्लेषण नव्याने केले, आणि त्याच्या निधीचा काही भाग कोळसा-तेलाच्या धंद्याशी संबंधित कोक कुटुंबाच्या प्रतिष्ठानाकडून आला होता. २०११-१२मध्ये त्यांचे निष्कर्ष आले ते आधीच्या मालिकांशी जुळणारे, आणि मुलर यांनी आपले मत बदलल्याचे उघडपणे लिहिले. शंका घेणे आणि शंका तपासणे यांतला फरक तुमच्या परिचितांना या एका गोष्टीतून कळेल, तुम्ही तो बोलून दाखवण्याची गरज नाही.

‘सत्त्याण्णव टक्के शास्त्रज्ञ मानतात’ हा हुकमाचा एक्का म्हणून टाकू नका, असा माझा सल्ला आहे. तो आकडा ज्या २०१३च्या अभ्यासातून प्रसिद्ध झाला त्यात सुमारे बारा हजार शोधनिबंधांचे सारांश पाहिले होते. त्यांपैकी सुमारे ६६ टक्क्यांनी तापमानवाढीच्या कारणाबद्दल काहीच मत दिले नव्हते, आणि ज्यांनी दिले त्यांच्यातले ९७ टक्के माणूस कारणीभूत आहे या बाजूचे होते. यात गैर काही नाही. गुरुत्वाकर्षण खरे आहे असेही प्रत्येक निबंधाच्या सारांशात कोणी लिहीत नाही. पण चाणाक्ष प्रतिपक्षी तो ६६चा आकडा काढतो आणि मग दोन तास त्यातच जातात. अभियंत्याला मतगणना देण्यापेक्षा यंत्रणा द्यावी. कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो हे जॉन टिंडल यांनी १८५९मध्ये प्रयोगशाळेत दाखवले. त्याचे प्रमाण दुप्पट झाले तर तापमान किती वाढेल याचा हिशोब स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६मध्ये मांडला. १९५८पासून हवाईतल्या मौना लोआवर हे प्रमाण सतत मोजले जात आहे आणि ते दर दहा लाख भागांत ३१५च्या आसपास होते ते आज ४२०च्या वर गेले आहे. आणि एक खूण अशी आहे की तिच्याभोवती पळवाट काढणे कठीण. तापमानवाढ सूर्यामुळे होत असती तर वातावरणाचा खालचा थर आणि वरचा स्थितांबर दोन्ही तापले असते. हरितगृह वायूंमुळे होत असेल तर खालचा थर तापेल आणि स्थितांबर थंड होईल, असे स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांच्या १९६७च्या गणितातून निघते. उपग्रहांनी नंतर जे मोजले ते असेच आहे: खाली गरम, वर थंड. ओझोनचा थर विरळ झाल्यानेही स्थितांबर काही अंशी थंड झाला, हेही सांगून टाका, नाहीतर ते सांगतील.

ईमेलींचा मुद्दा मी टाळत असे, आता टाळत नाही. नोव्हेंबर २००९मध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या हवामान संशोधन विभागातला पत्रव्यवहार चोरीला जाऊन जाहीर झाला. त्यातले सर्वांत गाजलेले वाक्य १९९९च्या एका ईमेलीतले, ज्यात एका आलेखासाठी ‘ट्रिक’ वापरून ‘घट लपवण्या’चा उल्लेख होता. ही घट तापमानाची नव्हे. तापमापकांआधीच्या काळाचे तापमान झाडांच्या वलयांवरून अजमावतात; उत्तरेकडच्या काही झाडांच्या वलयांची घनता १९६०च्या सुमारापर्यंत तापमानाबरोबर चालते आणि नंतर त्याच्याशी फारकत घेते; तापमापक वाढ दाखवतात तेव्हा वलये घट दाखवतात. त्या आलेखात वलयांचा हा शेवटचा भाग गाळून तिथे तापमापकांची आकडेवारी जोडली होती. ही फारकत संशोधकांनी आधीच, १९९८मध्ये, शोधनिबंधातून प्रसिद्ध केली होती, म्हणजे गुपित काही नव्हते. चौकशा अनेक झाल्या आणि आकडे बनावट केल्याचे कोणीही म्हटले नाही. परंतु म्युर रसेल यांच्या चौकशीने असेही नोंदवले की ती जोडणी आलेखावर स्पष्ट न सांगितल्याने तो आलेख दिशाभूल करणारा ठरला, आणि माहिती देण्यात त्या मंडळींनी पुरेसा मोकळेपणा दाखवला नाही. हे दुसरे वाक्य गाळून पहिलेच सांगणारे माझे पुष्कळ सहकारी आहेत. ते गाळले की आपणही एक लहानशी घट लपवतो.

सत्तरच्या दशकातल्या हिमयुगाला फार वेळ देऊ नये. न्यूजवीकने एप्रिल १९७५मध्ये तसा एक लेख छापला होता, त्याची आठवण अजून निघते. पण १९६५ ते १९७९ या काळातले शोधनिबंध २००८मध्ये मोजले गेले तेव्हा थंडावण्याचा अंदाज करणारे सात आणि तापण्याचा अंदाज करणारे ४४ निघाले. ‘येत्या हिमयुगातून कसे वाचाल’ असे सांगणारे टाइम साप्ताहिकाचे १९७७चे म्हणून फिरणारे पेंग्विनचे मुखपृष्ठ तर बनावट आहे; ते २००७च्या तापमानवाढीवरच्या अंकाचे मुखपृष्ठ बदलून केलेले आहे. चित्र आले तर एवढे सांगून पुढे जा.

माध्यमे मात्र दोन्हीकडून चुकली, आणि तुमच्या परिचितांचा पाचवा मुद्दा त्यांच्या यादीतला सर्वांत बळकट आहे. आधीची चूक समतोलाची. एक बाजू मांडली की दुसरीही मांडायची ही बातमीदारीची चांगली सवय इथे वाईट ठरली, कारण शेकडो अभ्यासकांचे एकत्रित काम एका खुर्चीत आणि एखादा हौशी शंकेखोर दुसऱ्या खुर्चीत बसवला की पाहणाऱ्याला सामना बरोबरीचा वाटतो. १९८८ ते २००२ या काळातल्या प्रमुख अमेरिकी वृत्तपत्रांच्या बातम्या तपासणाऱ्या २००४च्या अभ्यासात निम्म्याहून अधिक बातम्या अशा ‘समतोल’ निघाल्या. बीबीसीने २०१८मध्ये आपल्या पत्रकारांना कळवले की हा विषय आपण वारंवार चुकीचा हाताळला आहे आणि समतोलासाठी नाकारणारा माणूस बसवण्याची गरज नाही.

नंतरची चूक उलटी आहे आणि तिच्यात मीही सापडलो आहे. आयपीसीसीच्या ऑक्टोबर २०१८च्या अहवालात असे होते की तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायची तर कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन २०३०पर्यंत २०१०च्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी घटावे लागेल. मथळ्यांत त्याचे ‘जग वाचवायला बारा वर्षे उरली’ असे झाले. एका जाहीर चर्चेत मी, ज्याने मूळ अहवाल वाचला होता, बोलण्याच्या भरात तोच मथळा उच्चारला. समोरच्या गृहस्थांनी शांतपणे विचारले, ‘तेराव्या वर्षी नेमके काय होते?’ त्याला उत्तर नव्हते, कारण तेराव्या वर्षी काहीच अचानक होत नाही; प्रत्येक दशांश अंशाबरोबर नुकसान वाढत जाते, कडा वगैरे कुठे आखलेली नाही. त्या संध्याकाळी माझ्या आधीच्या चाळीस मिनिटांवर पाणी पडले. हिमालयातल्या हिमनद्या २०३५पर्यंत नाहीशा होतील हे २००७च्या अहवालातले वाक्यही असेच. ते निराधार होते, हिमनद्यांच्या अभ्यासकांनीच ते दाखवून दिले आणि जानेवारी २०१०मध्ये समितीने चूक मान्य केली. हिमनद्या वितळत आहेतच. पण ते एक वाक्य प्रतिपक्षाच्या हाती किती वर्षे राहिले, ते पाहा.

राहिले राजकारण. शंका पिकवण्याचा धंदा झाला, हे कागदोपत्री आहे. अमेरिकेतले प्रचारतज्ज्ञ फ्रँक लुंट्झ यांनी २००२च्या टिपणात आपल्या रिपब्लिकन पक्षाला सल्ला दिला होता की शास्त्रीय अनिश्चितता हाच मुद्दा लावून धरा. एक्सॉन या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत केलेले तापमानाचे अंदाज बरेच अचूक होते, असे २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातून दिसले, आणि तीच कंपनी बाहेर अनिश्चिततेची भाषा बोलत राहिली. हे सगळे माहीत असू द्या, पण वादात सुरुवातीला काढू नका. तुमचे परिचित काही एक्सॉनचे नोकर नाहीत, आणि पैसे कोणाचे हे कळल्याने बादलीतले पाणी किती गार झाले होते ते ठरत नाही. तोच न्याय त्यांनाही लावता येतो: कर लागण्याची भीती खरी असली तरी तिच्यामुळे स्थितांबर गरम होत नाही.

मात्र त्या भीतीला हसू नका. किती उत्सर्जन कमी करायचे, कराने की नियमांनी, अणुऊर्जा घ्यायची की नाही, ज्यांनी दीडशे वर्षे कोळसा जाळला त्यांनी किती भार उचलायचा आणि ज्यांनी नुकती सुरुवात केली त्यांनी किती, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर तापमापक देत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९९२च्या हवामानबदल करारातच ‘समान पण वेगवेगळ्या जबाबदाऱ्या’ असे शब्द घालावे लागले आणि त्यांच्या अर्थावर राष्ट्रे अजून भांडत आहेत. ते भांडण रास्त आहे. मार्गारेट थॅचर यांचे उदाहरण इथे उपयोगी पडते: कर आणि सरकारी हस्तक्षेप यांच्या कट्टर विरोधक, शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ, आणि १९८९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तापमानवाढीचा धोका सांगणाऱ्या पंतप्रधान. पुढे याच विषयाच्या राजकारणावर त्यांनी कठोर टीकाही केली. भौतिकशास्त्र मान्य करूनही उपायांवर कडाडून भांडता येते, हे तुमच्या परिचितांना कळू द्या. अनेकांना हीच वाट दिसत नसते. विज्ञान मान्य केले की नको असलेले धोरणही गळ्यात पडेल, असे त्यांना वाटते, म्हणून ते विज्ञानाच्याच दारात पाय रोवून उभे राहतात. २०१२च्या एका प्रसिद्ध अमेरिकी अभ्यासात विज्ञानाची समज आणि गणिताचा सराव जास्त असलेल्या लोकांमध्ये या विषयावरची दुफळी कमी नव्हे, उलट अधिक आढळली. हुशार माणूस आपल्या बाजूचा वकील म्हणून अधिक हुशार असतो.

दुरुस्त माहिती दिली की माणूस उलट अधिक हटवादी होतो, असे तुम्ही ऐकले असेल आणि म्हणून वादच सोडावा असे वाटत असेल. ती समजूत २०१०च्या एका अभ्यासावरून पसरली; पण नंतर दहा हजारांहून अधिक लोकांवर बावन्न मुद्द्यांची चाचणी घेतली गेली तेव्हा तसा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. माणसे माहिती सुधारून घेतात. निष्ठा बदलत नाहीत, एवढेच. शिवाय असा वाद दोघांचाच क्वचित असतो. न बोलता वाचणारे दहा जण आजूबाजूला असतात आणि तुमची भाषा त्यांच्यासाठी असावी. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्यालाच पटेल अशा शब्दांत मांडा, मग उत्तर द्या. ‘काय दिसले तर तुमचे मत बदलेल?’ हा प्रश्न विचारा आणि तोच स्वतःलाही लावून घ्या. उत्तर ‘काहीही नाही’ असे आले तर तिथे थांबा. पुढचा मजकूर आला तरी उत्तर देण्याचे बंधन तुमच्यावर नाही.

‘तेराव्या वर्षी काय होते’ असे विचारणारे ते गृहस्थ पुढे माझ्या परिचयाचे झाले. दुसऱ्या भेटीत मी त्यांना नासाची मालिका उतरवून दिली आणि १९९८चा आलेख त्यांनी स्वतः काढला, तीन वेगवेगळ्या वर्षांपासून. तापमान वाढते आहे आणि माणसामुळे वाढते आहे हे ते आता मान्य करतात. कार्बन कराला त्यांचा विरोध मी सात वर्षांत तसूभरही कमी करू शकलेलो नाही, आणि त्यांतले दोन मुद्दे मला खोडता आलेले नाहीत. एखाद्या वर्तमानपत्राने तापमानवाढीची बातमी फुगवून छापली की तिचे कात्रण, चूक लाल शाईने अधोरेखित करून, मला अजून त्यांच्याकडूनच येते.